मोतीराम इंगळे यांचे एकोणीस ळ

मोतीराम इंगळे यांनी पहिल्या भेटीत मला सव्वा तास उभं ठेवलं, तीनदा दुकानाबाहेर जायला लावलं, माझ्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव विचारलं, आणि शेवटी मी कोण आहे हे मलाच समजावून सांगितलं. खुनाच्या आरोपीलाही कोर्टात इतकं विचारत नसतील. मला फक्त शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून हवी होती.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. मी पांढुर्ण्यात नुकताच विम्याचा एजंट झालो होतो. आमच्या साहेबांचं म्हणणं असं, की कार्डाशिवायचा एजंट म्हणजे नुसता ओळखीचा माणूस. आणि ओळखीच्या माणसाकडून विमा कोण घेतो? म्हणून मी पांढुर्ण्यातच कार्डं छापून घेतली. हाती आली तेव्हा त्यांवर ‘प्रभाकर कालबांडे’ असं ठसठशीत उमटलेलं होतं. मी छापखानेवाल्याला कागदावर लिहून दाखवलं, “भैया, काळबांडे आहे ते.” तो म्हणाला, “भाईसाब, वो अक्षर हमारे पास आता ही नहीं. हिंदी में होता नहीं ना.” मग माझा पडलेला चेहरा पाहून त्यानं मनापासून तोड सुचवली, “आप सरनेम थोडा चेंज कर लो.”

त्याचा दोष नव्हता. आमचा मुलूख मध्य प्रदेशातला. सरकारी काम हिंदीत, छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे हिंदीचे, आणि हिंदीला ळ लागत नाही. माणसं मात्र मराठी, आणि आडनावांत ळ ठासून भरलेला. काळे, ढवळे, काळमेघ, पिंपळकर, कोळसे. “सौंसरले जा,” मला चारचौघांनी सांगितलं, “सुनंदा मुद्रणालयात मोतीराम हाय. त्याच्यापाशी भेटन.” हे इतक्या खालच्या आवाजात सांगत, की मी एक अक्षर आणायला निघालोय की गावठी बंदूक, असा मलाच प्रश्न पडला.

सुनंदा मुद्रणालय सौंसरच्या बस स्टँडमागे टिनाच्या छपराखाली होतं. मालक गजाननराव खोरगडे. सुनंदा ही त्यांची बायको. छापखान्याला तिचं नाव दिल्यामुळे घरी आणि दुकानात आवाज सारखाच येतो, असं ते म्हणत आणि आधी मागे वळून बघत. आत भिंतीला टेकून उतरत्या लाकडी केसी ठेवलेल्या, एकेका केसीत शंभरावर खण, खणाखणात एकेक अक्षर. त्यांच्यापुढे एक उंच, वाळका माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि कोंबडी दाणे टिपते तसे खिळे टिपून हातातल्या पट्टीवर रचत होता.

“नाव?” त्यानं मागे न बघता विचारलं.

“प्रभाकर कायबांडे.”

“चष्मा हाय काय?”

मी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. “आहे ना. दीड नंबरचा.”

“तुमचा नाई जी! नावात. नावात चष्मा हाय काय?”

मी बाहेर गेलो आणि पाटी पुन्हा वाचली. छापखानाच होता. आत आलो तेव्हा त्यांनी मला हात धुवायला बाहेर पाठवलं. हात धुवून आलो तेव्हा कागदावर नाव पूर्ण लिहून आणायला समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवलं. तो कागद वाचल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

“हे पाहा, हाय का नाई चष्मा!” त्यांनी माझ्या ळ वर बोट ठेवलं. खरंच, नीट पाहिलं तर ळ म्हणजे कोणीतरी वाचता वाचता काढून ठेवलेला चष्माच. “तोंडानं कायबांडे म्हणता अन् लिहाले चष्मा लावता. तुमच्या बाबाचं, आज्याचं, पणज्याचं नाव तरी पक्कं ठावं हाय काय?”

इथे आमच्या भागाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे ळ लिहितात, बोलत नाहीत. डोळ्याचा डोया होतो, केळीची केय होते आणि मुलं शाळेत न जाता शायेत जातात. ळ शिकवणारे गुरुजीसुद्धा “हा य, चष्म्याचा” असं शिकवत असतील तर मला नवल वाटणार नाही. ज्या अक्षरासाठी मी पांढुर्ण्याहून बस बदलून आलो होतो ते अक्षर माझ्याच्यानं धड बोलवत नव्हतं. आणि ज्याच्याकडे आलो होतो तोही स्वतःला ‘मोतीराम इंगये’ म्हणत होता.

मी ते त्यांना बोलून दाखवलं. ते जराही खजील झाले नाहीत.

“बोललेलं हवेत जाते जी. हवेले काय, ‘य’ पुरते. छापलेलं बसून ऱ्हाते.”

मग त्यांनी खिशातून मलमाची एक जुनी डबी काढली. सराफ पुडी सोडतो तशी ती माझ्यापुढे उघडली. आत कापसावर शिशाचे खिळे होते. सगळे ळ. एकोणीस.

त्यांची हकिकत अशी. गजाननरावांनी छापखाना काढला तेव्हा जबलपूरकडचा एक बंद पडलेला हिंदी छापखाना त्यांनी उचलून आणला. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आलं, केसी आल्या, अक्षरं आली, ळ आला नाही. गजाननराव म्हणाले, ल ला काय झालं? मोतीराम तेव्हा तरुण होते, नागपूरच्या एका प्रेसमध्ये काम शिकून आलेले. ते पहिल्या पगारात नागपूरला गेले आणि खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून स्वतःच्या पैशानं चोवीस ळ घेऊन आले. त्यातले पाच वर्षानुवर्षांच्या दाबानं झिजले, तुटले. उरलेले एकोणीस त्यांच्या खिशात राहत. काम झालं की फर्म्यातून, म्हणजे छपाईच्या चौकटीतून निघून ते पुन्हा डबीत जात. मालकाच्या केसीत ते कधीच मुक्कामाला राहिले नाहीत.

माझ्या कार्डात एकच ळ लागत होता. तरी त्यांनी एकोणीस खिळे एकेक करून उजेडात धरले, आणि त्यातला एक निवडला. आपल्या मुलीसाठी मला निवडताना माझ्या सासऱ्यांनीही इतके कष्ट घेतले नव्हते.

त्यानंतर आठ वर्षं मी माझी कार्डं त्यांच्याकडेच छापली. सौंसरला काम काढून जायचो आणि काम नसलं तरी काढून जायचो. मोतीरामभाऊ जन्मभर उलटी अक्षरं वाचत आले होते, त्यामुळे त्यांना सरळ जगाचं थोडं वावडं होतं. टपरीवर समोरचा माणूस पेपर वाचत असला की ते पलीकडून उलटा पेपर त्याच्याआधी वाचून संपवत आणि त्यानं पान उलटायची वाट बघत बसत. बोरगावहून रोज सायकलनं येत. घरी त्यांची बायको कुसुमताई आणि एक म्हैस. त्यातल्या म्हशीलाच आपलं म्हणणं पटतं, असं ते सांगत.

त्या काळी सौंसरमध्ये व्हिजिटिंग कार्डाची लाट आली होती. जिथे अख्खा गाव एकमेकांना चार पिढ्या ओळखतो तिथे ओळख करून द्यायची गरज कोणाला होती देव जाणे. पण ज्याला त्याला कार्ड हवं होतं. संत्र्याच्या दलालांना हवं होतं, हे एक वेळ ठीक. त्यांना दिल्ली-कलकत्त्याला जावं लागे. पण निवृत्त तलाठ्यालाही हवं होतं. त्याच्या कार्डावर नाव, गाव आणि खाली ‘निवृत्त’ एवढंच. मोहगावच्या वसंत नावाच्या शिंप्यानं कार्ड छापलं आणि पहिलं बायकोला, वत्सलाला, दिलं. तिनं त्यावर दुधाचा हिशेब लिहिला. लोक कार्डांनी दात कोरत, हलणाऱ्या टेबलाखाली घालत, पोथीत खूण म्हणून ठेवत. मोतीरामभाऊंना याचं काही वाटत नसे. त्यांचं म्हणणं, टेबलाखाली असलं तरी नाव बरोबर असलं पाहिजे.

त्यांचा एक नियम होता. प्रूफ काढलं की गिऱ्हाइकानं ते हातात धरून, बोट ठेवून, स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायचं. मोठ्यातल्या मोठ्या बागायतदारालाही सुटका नव्हती. सहा फुटांचे मिशाळ दलाल पहिलीतल्या पोरासारखे बोट ठेवून “का… य… मे… घ” असं वाचत आणि मोतीरामभाऊ मान हलवत, “चष्म्यावर बोट ठेवा. हां. आता जा.”

मी एकदा विचारलं, “भाऊ, एवढं काय आहे त्या अक्षरात? कायमेघचं कालमेघ झालं तर संत्री कडू होणार आहेत काय?”

ते हसले नाहीत. हातातला खिळा त्याच्या खणात टाकला आणि म्हणाले, “माहा बाप मालगुजाराच्या वावरात राबत होता. नाव सखाराम. दिवाणजीच्या हजेरीच्या वहीत ‘सख्या’ लिवत. मी चौथीत असताना बापाची भाकर घेऊन गेल्तो, तवा वाचलं. बापाले वाचता येत नव्हतं. तो खुश, का आपलं नाव वहीत हाय. मी त्याले नाई सांगतलं.” मग दुसरा खिळा उचलून म्हणाले, “मंग मी ठरवलं का आपल्या हातून कोणाचं नाव अर्धं नाई जाणार. येक काना नाई, येक चष्मा नाई.”

मी पुढे कधी तशी थट्टा केली नाही. म्हणजे बाकी सगळी केली, तेवढी नाही.

एकोणनव्वद सालच्या श्रावणात नागपूरचा एक एजंट सौंसरच्या बस स्टँडवर उतरला. त्याच्या बॅगेत नमुन्याची कार्डं होती. गुळगुळीत, चकचकीत, नावाचा रंग निळा, कोपऱ्यात केशरी संत्रं. कॉम्प्युटरवर जुळवतात आणि ऑफसेटवर छापतात, म्हणाला. चार दिवसांत बसनं पार्सल येईल. गजाननरावांनी नुसती नावं गोळा करून पाठवायची आणि आपलं कमिशन ठेवायचं.

गजाननराव वाईट माणूस नव्हते. पण लग्नपत्रिकांचं काम दोन वर्षांपूर्वीच नागपूरला गेलं होतं, पावतीबुकं कमी झाली होती, आणि ट्रेडल चालत होतं ते कार्डांवरच. कार्डं गेली की ट्रेडल बंद. ट्रेडल बंद झालं की खिळे जुळवणारा माणूस ठेवून काय करायचं? हे त्यांनी मोतीरामभाऊंना तोंडावर सांगितलं, माझ्यासमोर. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. घरी ती चालत नसे.

“पण पाहाय मोतीराम,” ते म्हणाले, “दिवायीच्या आंधी दलालांची कार्डं छापाची हायेत. चौदा नावं. त्यातल्या नऊ नावांत चष्मा हाय. मागं म्या बाहेरून छापून आणली तर ‘फये’ची ‘फले’ होऊन आली अन् सारे माह्या अंगावर आले. तू स्वता नागपूरले जाय. त्याच्या कॉम्प्युटरात चष्मा येते का पाहाय. नसन येत, तर त्याले नमस्कार. आपलं ट्रेडल अन् तुयी डबी. पोया येऊ दे नाई तं दिवायी, कोणी हात लावणार नाई.”

“अन् येत असन तर?” मोतीरामभाऊंनी विचारलं.

गजाननरावांनी पानाची पिचकारी टाकायला मान बाहेर काढली आणि ती बराच वेळ बाहेरच ठेवली.

मला त्या आठवड्यात विमा ऑफिसच्या मीटिंगला नागपूरला जायचंच होतं. आम्ही दोघं एकाच बसनं गेलो. मोतीरामभाऊंनी धुतलेला सदरा घातला होता आणि खिशात चौदा नावांची यादी होती. बसमध्ये ते अगदी मजेत होते. ‘चष्मा काई येणार नाई,’ असं त्यांनी मला दोनदा, कंडक्टरला एकदा आणि पुढच्या सीटवरच्या बाईला एकदा सांगितलं. तिला वाटलं, हे डोळ्यांच्या दवाखान्यात चाललेत. “मोतीबिंदू हाय काय जी?” तिनं विचारलं. “नाई, मोतीराम,” ते म्हणाले. एवढ्या विनोदावर ते सावनेरपर्यंत हसत होते.

नागपूरचं ते दुकान पहिल्या मजल्यावर होतं. जोडे बाहेर काढायला सांगितले. आत थंड हवा, आणि टेबलामागे वीस-बावीस वर्षांची मीना नावाची मुलगी. तिच्यापुढे टीव्हीसारखा डबा आणि बटणांची पाटी. शिशाचा वास नाही, शाईचा वास नाही. मोतीरामभाऊंनी सवयीनं केसी कुठे आहेत म्हणून चारी भिंतींकडे पाहिलं.

“बोला काका.”

“इंगये,” ते म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून सावकाश, जीभ वळवत, घाम येईपर्यंत प्रयत्न करून म्हणाले, “इंग… ळे. चष्म्याचा… ळ. येते काय तुह्या मशीनीत?”

त्यांच्या तोंडून ळ मी तेव्हाच एकदा ऐकला.

मीनानं एक बटण दाबलं. काचेवर ळ उमटला.

ते पुढे वाकले. “अजून येक.”

दुसरा उमटला.

“अजून येक.”

मीनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. काचेवर ळ, ळ, ळ अशी रांग धावत गेली, कडेला पोचली, खाली दुसरी सुरू झाली, तिसरी झाली. मोतीरामभाऊ ओठ हलवत मोजत होते. एकोणीसच्या पुढे गेले तेव्हा त्यांनी मोजायचं थांबवलं नाही. मीच बघणं थांबवलं.

“बस्स,” ते चौसष्टला म्हणाले. “संपत नाईत काय हे?”

“संपणार कसे काका?” ती हसून म्हणाली. त्यात काही वाईट नव्हतं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

मग त्यांनी यादीतली चौदा नावं जुळवून मागितली. ती कागदावर निघाली. मोतीरामभाऊंनी भिंग काढलं आणि खिडकीपाशी जाऊन एकेक नाव तपासायला घेतलं. मला कळत होतं ते काय शोधताहेत. माणूस हरवलेली वस्तू शोधतो तशी ते चूक शोधत होते. अर्धा तास गेला. एका कार्डावर ‘पांढुर्णा’तला रफार जरा मागे सरकला होता. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मीही उठून उभा राहिलो.

“हे पाहाय पोरी! रफार णावर पाह्यजे.”

“हो, बरोबर काका,” ती म्हणाली, आणि दोन बटणं दाबून नवा कागद काढून दिला. रफार णावर होता.

सुनंदा मुद्रणालयात तेवढ्यासाठी फर्मा सोडावा लागे, चिमट्यानं खिळा काढावा लागे, ओळ पुन्हा कसावी लागे, प्रूफ पुन्हा काढावं लागे. त्यांनी तो नवा कागद घेतला, घडी घातली, आणि खिशात मलमाच्या डबीशेजारी ठेवला. जाताना मीनाला म्हणाले, “चांगलं काम करून राहिली, बाई. नावं वाचाले लावजो लोकायले.” ती “हो काका” म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कपाशी आणि संत्र्याच्या बागा, त्यांनी हजारदा पाहिलेल्या. मी सौंसर जवळ येईपर्यंत धीर धरला. मग म्हटलं, “मोतीरामभाऊ, सांगून टाका, येत नाही म्हणून.”

ते खिडकीची काच वर-खाली करत राहिले.

“कोण जातंय तपासायला? गजाननरावांनाही तेच ऐकायचं आहे. तुम्ही चोपन्न वर्षांचे. अजून सहा-सात वर्षं निघतील. कुसुमताईंचा तरी विचार करा.”

“भाऊ,” ते म्हणाले, “म्या गजब खोटं बोललो जिंदगीत. कुसुमले बोललो, मालकाले बोललो. सायकल पंक्चर झाली म्हणून किती डाव बोललो, तुमाले ठावं नाई. अजूनही बोलीन.” त्यांनी खिसा चाचपला. “पण ह्या चष्म्याबद्दल कसा बोलू? त्याच्याबद्दलच तं येक खरं ठेवलं होतं.”

“पण कोणाचं काय बिघडणार आहे?”

“नऊ लोकायची नावं चांगली छापून येऊन राहिली अन् मी म्हणू का येत नाई? मंग माह्यात अन् त्या दिवाणजीत काय फरक?”

मी विम्याचा एजंट. मला नेहमी काहीतरी सुचतं; त्या वेळी मी फक्त बॅग काढायला उठलो.

गजाननराव छापखान्याच्या दारातच उभे होते. आम्ही उतरताना त्यांनी आधी मोतीरामभाऊंकडे पाहिलं आणि मग घाईघाईनं स्वतःच म्हणाले, “येत नसन नं? म्या म्हणलंच होतं. ह्या मशिनी साऱ्या हिंदी-इंग्रजीच्या.”

“चष्मा येते, मालक.”

“घाईत पाह्यलं असन तू. नीट पाह्यलं काय?”

“चौसष्ट पाह्यले. येकही तुटका नाई.”

“छापल्यावर बिघडत असन.”

मोतीरामभाऊंनी खिशातला कागद काढून दिला. गजाननरावांनी तो घेतला पण उघडला नाही.

“येत नाई म्हणला असता तं काय झालं असतं रे तुयं?” ते एकदम ओरडले. टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. “मी काय नागपूरले पाहाले जात होतो? आं? तुले अक्कल हाय का नाई?”

“तुमीच धाडलं होतं नं जी, पाहाले,” मोतीरामभाऊ म्हणाले.

गजाननराव आत जाऊन गल्ल्यापाशी बसले. मोतीरामभाऊ केसीपाशी गेले. आदल्या दिवशी अर्धवट सोडलेलं एक पावतीबुक होतं, ते त्यांनी पुरं जुळवलं.

ट्रेडल महिन्याभरात मुलताईचा एक माणूस घेऊन गेला. त्याला केसी नको होत्या. गजाननरावांनी मोतीरामभाऊंना पावतीबुकं शिवायला, कागद कापायला ठेवून घेतलं, पण ते काम दिवसाला दोन तासांचं. बाकीचा वेळ ते स्टुलावर बसून असत आणि गजाननरावांना त्यांच्याकडे बघवत नसे. दोघांनी एकमेकांना पंधरा दिवस तसं सहन केलं. मग एका सकाळी मोतीरामभाऊ सायकलवरून उतरलेच नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून दारातूनच म्हणाले, “येतो मालक.” गजाननराव म्हणाले, “ये.” आणि दोघांनाही कळलं की हे उद्या येण्याबद्दल नाही.

चौदा दलालांची कार्डं नागपूरहून बसनं आली. निळी अक्षरं, कोपऱ्यात केशरी संत्रं. सगळी बरोबर होती. कोणी बोट ठेवून नाव वाचलं नाही. वाचायला कोणी लावलंही नाही. माझीही त्यांतच छापून घेतली. घ्यायची नव्हती, पण आधीची संपली होती.

नोव्हेंबरात मी मोहगावला एका पॉलिसीच्या कामानं गेलो होतो. रस्त्याच्या कडेला संत्र्याची वखार लागली होती. बायका रास निवडत होत्या, पुरुष लाकडी पेट्या ठोकत होते, आणि त्यांच्यात उंच, वाळके मोतीरामभाऊ. तोंडात चार खिळे धरलेले, हातात हातोडी. मला पाहून त्यांनी खिळे तळहातावर काढले.

“जय भीम, भाऊ. पाहून राहिले काय?” हात पुढे करून दाखवला. “खियेच हायेत. पह्यले जुयवत होतो, आता ठोकून राहिलो.”

मी हसलो. हसावंच लागलं, तो विनोद त्यांनी माझ्यासाठी तयार करून ठेवला होता.

शेजारची गुलाब नावाची म्हातारी म्हणाली, “हे मास्तर पेटीवर नावं लिवते नं जी, ब्रशानं. भल्लं चांगलं अक्षर हाय. पण टेम लावते. ट्रकवाला बोंबलते.”

“बोंबलू दे,” मोतीरामभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “नवीन कार्ड छापलं असन तुमी. दाखवा.”

मी नाही म्हणणार होतो. पण विम्याच्या एजंटाच्या खिशात कार्ड नाही, यावर कोणाचा विश्वास बसणार? मी काढून दिलं. त्यांनी हात पँटला पुसले, कार्ड कडेला धरलं, जवळ नेलं, लांब नेलं, उन्हात तिरकं केलं. एकदा सवयीनं उलटं धरूनही वाचलं.

“चष्मा चांगला हाय,” ते म्हणाले आणि कार्ड मला परत दिलं.

“राहू द्या तुमच्याजवळ.”

“मले काय करायचं जी? मी तुमाले ओयखतो.”

मागून मुकादमानं हाक मारली. त्यांनी खिळे पुन्हा तोंडात धरले, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. मी बससाठी रस्त्यावर आलो. वखारीतलं काम हंगामापुरतं असतं. त्या वर्षी पाणी कमी म्हणून मृगाचा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारं दुसरं पीक, कोणी धरला नव्हता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वखार बंद झाली.